विल्सडन नावाची म्युनिसिपालिटी

नमस्कार मंडळी. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची ही वास्तू डॉलिस हिलवर आहे आणि डॉलिस हिल आज ब्रेंटमध्ये येतं. पण 1965 पर्यंत ब्रेंट नावाची म्युनिसिपालिटीच नव्हती. इथला कारभार विल्सडनचा होता, आणि विल्सडन लंडनमध्ये नव्हतं, मिडलसेक्स परगण्यात होतं.

1801च्या जनगणनेत विल्सडनमध्ये 751 माणसं होती. बरीचशी शेतं चर्चच्या आणि ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजच्या मालकीची. ऑल सोल्स अव्हेन्यू हे नाव त्या जमीनमालकीतूनच आलं. मग आगगाडी आली. 1866 साली विल्सडन जंक्शन सुरू झालं, चाळीस-पन्नास वर्षांत शेतं गेली, विटांची घरं उभी राहिली. 1901 साली लोकसंख्या एक लाख 14 हजारांवर! एवढ्या माणसांचं सांडपाणी, रस्ते, दिवे कोण बघणार? आधी लोकल बोर्ड, 1894 पासून अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिल. ग्लॅडस्टन पार्क याच कौन्सिलने 1901 साली लोकांना खुलं केलं. माझ्या मते हे तिचं सगळ्यात शहाणपणाचं काम. ती जमीन तेव्हा राखली नसती तर तिथेही घरंच झाली असती.

विल्सडनला बरो, म्हणजे सनद मिळालेली म्युनिसिपालिटी, होण्याचा मान मिळाला 1933 साली. आपलं मंडळ 1932 चं, म्हणजे या बरोपेक्षा वर्षभराने थोरलं! (तेव्हा मंडळ इथे नव्हतं, हे मान्य. पण वडीलकीचा मान सोडायचा कशाला?)

आता किलबर्न हाय रोडवर चला. मूळचा हा रोमन रस्ता. 1889 साली लंडन काउंटी झाली तेव्हा या रस्त्याची पूर्वेकडची बाजू, हॅम्पस्टेड, लंडनमध्ये गेली; पश्चिमेकडची विल्सडनची बाजू मिडलसेक्समध्येच राहिली. बाजारपेठ एक, कारभार दोन. गंमत म्हणजे विल्सडनचा टाउन हॉल होता डाइन रोडवर, या शिवेपासून हाकेच्या अंतरावर. नीसडन, हार्ल्सडनच्या लोकांनी कामासाठी पार गावाच्या टोकाला जायचं.

लंडनच्या कारभाराची फेरमांडणी करणारा 1963चा कायदा आला आणि 1 एप्रिल 1965 ला विल्सडन आणि वेम्बली यांची मोट बांधली गेली. कामगारवस्तीचं, मजूर पक्षाकडे झुकलेलं विल्सडन आणि हिरवळीच्या बंगल्यांचं हुजूर पक्षाचं वेम्बली. सोयरीक काही दोघांनी आपखुशीने केलेली नव्हती. नाव कुणाचं ठेवायचं? दोघांच्या मधून ब्रेंट नदी वाहते. जी शीव होती, तिचंच नाव दिलं. तडजोड म्हणून छान. पण पावणेदोन लाख वस्तीच्या गावाचं नाव कारभारातून गेलं ते गेलंच.

कारभार वेम्बलीच्या टाउन हॉलमधून चालू लागला. डाइन रोडची इमारत पुढे पाडली. वेम्बलीची वास्तू मात्र वाचली. 2013 साली ब्रेंटचं नवं सिव्हिक सेंटर झालं आणि त्या जुन्या टाउन हॉलमध्ये आज फ्रेंच शाळा भरते. किलबर्नचा रस्ता अजूनही दोन कारभारांत आहे, फक्त पाट्या बदलल्या: इकडे ब्रेंट, तिकडे कॅम्डेन.

विल्सडन ग्रीनच्या लायब्ररीत ब्रेंटचा दफ्तरखाना आहे. जुन्या विल्सडनचे कागद, नकाशे तिथे बघायला मिळतात. ज्यांची घरं या भागात आहेत, त्यांनी आपल्या गल्लीचा जुना नकाशा जरूर मागून बघावा.