पाण्याला किती जागा लागते?

(अभियंता दिनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मुलांनो, तुमच्या सरांनी मला विषय दिला तो 'नदी आणि जलगतिशास्त्रातलं करिअर'. करिअर म्हटलं की परीक्षा, पगार आणि बढत्या यांवरच बोलणं होतं. ते मी शेवटी दोन मिनिटांत सांगेन. आधी एका खिळ्याची गोष्ट सांगते.

१९८६ च्या जूनमध्ये मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले. धरणावर नेमणूक होईल अशी आशा होती, मिळालं ते सरिता मापन केंद्र. काठावर दोन कौलारू खोल्या, नदीवर आडवी ताणलेली तार, पात्रात पायरीपायरीनं रोवलेल्या रंगीत पट्ट्या आणि त्या पट्ट्या वाचणारे एक मामा. जुलैत पूर आला. रात्री दोनच्या सुमाराला सगळ्यात वरची पट्टीही पाण्याखाली गेली. मला वाटलं, आता वाचन संपलं, वहीत रेघ मारायची. मामांनी बॅटरी उचलली आणि मला मागच्या चिंचेपाशी नेलं. बुंध्यात दोन खिळे होते, गंजून काळे पडलेले. एक त्यांनी स्वतः ठोकलेला, त्याच्या वरचा त्यांच्या वडलांनी. "म्हाताऱ्याच्या टायमाला पाणी इथवर आलं हुतं," ते म्हणाले. मग त्यांनी खालच्या खिळ्यापासून पाण्यापर्यंत लाकडी पट्टी धरली, आकडा वहीत लिहिला आणि दर तासाला लिहीत राहिले. पहाटे म्हणाले, "बाईसाहेब, दोन बोटं उतरलं."

पूर ओसरल्यावर मी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, लावून त्या दोन्ही खिळ्यांची उंची काढली. कुठल्याही रजिस्टरमध्ये नसलेला एक पूर आमच्या हाती लागला. पुढं त्या नदीवर खालच्या अंगाला पूल झाला, तेव्हा त्याची उंची ठरवताना तो वरचा खिळा धरला गेला.

आपलं काम काय, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की पाण्याला किती जागा लागते ते आधी सांगायचं. पूर आल्यावर ते गावातला प्रत्येक जण सांगतो. आपण ते उन्हाळ्यात सांगायचं, नदीत गुडघाभर पाणी असताना, ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नसताना.

हे सांगायचं तर मोजावं लागतं. पात्राचे उभे भाग पाडायचे, प्रत्येक भागात करंट मीटर, म्हणजे पाण्याचा वेग मोजणारं यंत्र, सोडायचं. त्याच्या वाट्या फिरतात, कानातल्या यंत्रात टिकटिक ऐकू येते, ती घड्याळ लावून मोजायची. वेग सगळीकडे सारखा नसतो. तळाशी घर्षणानं कमी, वर जास्त. म्हणून पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवरचा वेग सरासरी धरतात. वेग गुणिले क्षेत्रफळ, सगळ्या भागांची बेरीज, की झाला विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं तो आकडा. असे शेकडो विसर्ग मोजले, की पातळी आणि विसर्ग यांचा आलेख बनतो आणि पुढं नुसती पट्टी वाचून विसर्ग सांगता येतो. पण त्यात एक मेख आहे. एकाच पातळीला चढत्या पुरात पाणी जास्त वाहत असतं, उतरत्या पुरात कमी, कारण पूर चढताना पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार जास्त असतो. हे मी पुस्तकात शिकले होते आणि परीक्षेत लिहिलंही होतं. मामा शाळेत चौथीपर्यंत गेलेले. ते म्हणायचे, "चढतं पाणी पळतं, उतरतं पाणी रेंगाळतं." त्यांना ते तीस पावसाळे बघून कळलं होतं.

नदी समजून घ्यायचा दुसरा मार्ग म्हणजे तिची लहान प्रतिकृती. त्याचं घर आपल्या पुण्याजवळच आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेची सुरुवात १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांच्या कामासाठी झाली. क्लॉड इंग्लिस या अभियंत्यानं ती नावारूपाला आणली, आणि पुढं १९४७ मध्ये ब्रिटननं स्वतःची जलगतिशास्त्र संस्था उभी केली तेव्हा तिचा पहिला संचालक म्हणून याच माणसाला नेमलं. खडकवासल्याला मिळवलेलं ज्ञान इंग्लंडला गेलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सांगायला हवी.

प्रतिकृतीचं गणित फार सुंदर आहे. शंभरास एक या प्रमाणात नदी बनवली, तर वेग दहापट कमी होतो आणि विसर्ग एक लाखपट. एक लाख क्युसेकचा महापूर एका क्युसेकवर येतो, सेकंदाला सुमारे २८ लिटर, दोन बादल्या पाणी. काळही आकसतो. नदीचा एक दिवस दोन तास चोवीस मिनिटांत संपतो. पहिल्यांदा मी अशा प्रतिकृतीच्या काठावर उभी राहिले, तेव्हा पुलाच्या खांबाच्या जागी अंगठ्याएवढी लाकडी दांडी होती. पाण्यात पोटॅशियम परमँगनेट सोडलं. जांभळी रेघ खांबावर आपटली, खाली दबली आणि खांबाच्या पायाशी गोल फिरत वाळू उकरायला लागली. अर्ध्या तासात पायाभोवती वाटीएवढा खड्डा. खऱ्या पुरात हेच चाललेलं असतं, पण गढूळ पाण्याखाली, आणि पूर ओसरताना खड्डा गाळानं पुन्हा भरतो. हिवाळ्यात पाहणीला गेलेल्याला सगळं सपाट दिसतं. पूल पाण्याच्या धक्क्यानंच पडतो असं लोकांना वाटतं. पुष्कळदा तो पायाखालची माती गेल्यामुळं पडतो.

आज १५ सप्टेंबर, ज्यांच्या जन्मदिवशी अभियंता दिन असतो त्या विश्वेश्वरय्यांचं नाव घ्यायलाच हवं. ते पुण्यात शिकले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिकला लागले. खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे तुम्हाला माहीत असतात. धरणाची उंची न वाढवता साठा वाढला. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे. मला मात्र त्यांचं हैदराबादचं काम जास्त मोठं वाटतं. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीनं शहरात हाहाकार केला, हजारो माणसं गेली. विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. शहरात नुसत्या भिंती बांधून भागणार नाही, पुराला शहराच्या वरच्या अंगाला थांबायला जागा द्या, असा त्यांचा सल्ला होता. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन तलाव त्यातून आले. शहराकडे येणारं पाणी वरच अडवून सावकाश सोडायचं, हा विचार तेव्हापासून आपल्याकडे आहे.

आणि त्याच खडकवासल्याचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. वर पानशेतचं मातीचं धरण पुरतं तयार झालेलं नसताना पहिल्याच पावसाळ्यात भरलं आणि गेलं, त्याच्या पाण्यानं खडकवासला गेलं, आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं. ज्या घरांनी तो दिवस पाहिला, तिथं आजही भिंतीवरची ओल दाखवावी तसं बोट करून सांगतात, पाणी इथवर होतं. मला ते ऐकताना चिंचेवरचा खिळा आठवतो.

आता कृष्णेकडे येते, कारण तुमच्यातले बरेच जण सांगली-कोल्हापूरकडचे आहात. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. कोल्हापूरला पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट धोक्याची. ते ५५ च्या वर गेलं. लोक विचारतात, पाऊस थांबला तरी पाणी उतरत का नाही? फुगवटा. तुम्ही हा शब्द घरीही ऐकलेला असतो. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच उंच असेल तर पंचगंगेला जायला उतारच उरत नाही, ती मागं दाटते, शिरोळची शेतं आठ-आठ दिवस पाण्यात राहतात. त्याच वाडीत पाणी दत्ताच्या पादुकांना स्पर्श करून दक्षिण दारानं बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक त्या पाण्यात स्नान करतात. पूर आला तरी त्याला येण्याजाण्याचं दार ठेवलेलं आहे. मी नास्तिक नाही, आस्तिकही फारशी नाही, पण त्या मंदिरापुढं दर वेळी हात जोडते.

याच जागेसाठी आपण पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. लोकांना वाटतं, शंभर वर्षांचा पूर परवाच येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत निवांत. तसं नसतं. दर वर्षी शंभरात एक, इतकीच ती शक्यता असते, आणि यंदा पूर आला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. तीस वर्षांचं गृहकर्ज घेऊन लाल रेषेवर घर बांधलंत, तर कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा पूर येण्याची शक्यता शंभरात सव्वीस. निळ्या रेषेवर बांधलंत तर एकाहत्तर. हे गणित घर घेणाऱ्याच्या हातात छापून द्यावं, असं मी बैठकांमधून अनेकदा बोलले. रेषा नदीकडे सरकवा म्हणणारेच जास्त भेटले. तुम्हालाही भेटतील. मोजलेली रेषा सरकवू नका.

माझ्या चुकीबद्दलही सांगते. नोकरीच्या सातव्या वर्षी एका ओढ्यावर मी फरशी पूल आखला. रोजचं पाणी खालच्या सिमेंटच्या नळ्यांतून जाईल, पूर वरून जाईल, असा हिशेब. गणित तपासलेलं होतं, बरोबरच होतं. काठावरच्या शेतकऱ्यानं मला अडवून सांगितलं होतं, "बाईसाहेब, ओढ्याचं पाणी एकटं येत नाही." मी हसून 'हो' म्हटलं आणि निघाले. पहिल्याच मोठ्या पावसात उसाचं पाचट, एक उन्मळलेली बाभूळ आणि कुणाच्या तरी गोठ्याचे वासे नळ्यांच्या तोंडाशी अडकले. पाणी फरशीवर चढायच्या आधीच बगलेनं फिरलं आणि काठ कापत त्याच शेतकऱ्याच्या रानात घुसलं. वीस गुंठ्यांची काळी माती मुरमापर्यंत गेली. मी गेले तेव्हा तो नळ्याच्या तोंडात हात घालून पाचट उपसत होता. मूठभर काढून त्यानं माझ्यापुढं धरलं. बोलला काहीच नाही. पुढं नळे काढून रुंद गाळ्यांचा पूल झाला; रानात गाळ आणून टाकायला दोन उन्हाळे गेले, पीक पहिल्यासारखं यायला त्याहून जास्त. तेव्हापासून कुठलीही मोरी आखताना मी निम्मी वाट कचऱ्याची धरते आणि जागेवरचा माणूस बोलत असेल तर वही उघडते.

राहिलं करिअर. राज्य लोकसेवा आयोग आहे, केंद्रीय जल आयोग आहे, खडकवासल्याची संस्था आहे, खाजगी सल्लागार कंपन्या आहेत. २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा आला, त्यामुळं जुन्या धरणांच्या तपासणीचं काम वाढलंय. नदीतल्या पाण्याची पातळी गणितानं काढणारं हेक-रास हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आजच उतरवून घ्या. पण त्यात खडबडीतपणाचा गुणांक, म्हणजे पात्र पाण्याला किती अडवतं तो आकडा, टाकताना ०.०३ टाकायचा की ०.०५, हे संगणक सांगत नाही. काठावर पाणकणीस किती वाढलंय, ते बघूनच ठरतं.

म्हणून येत्या रविवारी सकाळी सात वाजता, ज्यांना यायचंय त्यांनी जुन्या पुलाखाली यावं. तीस मीटरची दोरी, एक घड्याळ आणि डझनभर संत्री आणा. संत्रं बरंचसं बुडून चालतं, वारा त्याला ढकलत नाही. तीस मीटर जायला किती सेकंद लागतात ते मधोमध, डाव्या काठाला आणि उजव्या काठाला मोजायचं. चपला घालून या, काठावर काचा आहेत. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर कुणीही आत उतरायचं नाही. आणि शेजारच्या देवळाच्या भिंतीवर जुन्या पुराची एक खूण आहे असं मी ऐकलंय. लेव्हल मी घेऊन येते.