‘इश्तार’: न बघताच पाडलेला सिनेमा

[गच्ची, रात्र. दोरीवर पांढरी चादर, खाली सतरंजी, मधे पोह्यांचं पातेलं.]

तर हे इंदूर, ही लोकमान्य नगरातली आमची गच्ची, आणि त्या चादरीवर जी दोन माणसं पियानोपाशी बसून एका शब्दावरून डोकं फोडतायत ना, ते आहेत वॉरन बेटी आणि डस्टिन हॉफमन. सिनेमा ‘इश्तार’, साल १९८७. हॉलीवूडमधे एखादा सिनेमा सपाटून आपटला की लोक वर्षानुवर्षं ह्याचंच नाव घेत आलेत, आपल्याकडे झोपाळू पोराला कुंभकर्ण म्हणतात तसं, म्हणणाऱ्यानी रामायण वाचलेलं असतंच असं काही नाही.

आम्ही सात जण होतो. त्यातले पाच माझ्या वयाचे, आणि दोन म्हातारे, एक माझे काका आणि दुसरे त्यांचे जुने दोस्त, ज्यांना आम्ही लहानपणापासून पेटीवाले काका म्हणतो. दोघं पोह्यांसाठी आले होते, हे त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. सिनेमा इंग्रजी आहे म्हटल्यावर काका म्हणाले, मी अर्ध्या तासात झोपेन, मला उठवू नको.

आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यात जोरात कोण हसलं असेल तर तेच.

का, ते सांगतो, पण आधी गोष्ट. न्यूयॉर्कमधले दोन गीतकार, लायल आणि चक. एक आइस्क्रीमची गाडी चालवतो, दुसरा रेस्टॉरंटमधे पियानो वाजवतो, दोघांनापण गाणं लिहिता येत नाही, गाता तर त्याहून येत नाही, पण दोघांची पक्की खात्री की आपण मोठे आहोत, जग जरा हळू आहे. एजंट त्यांना लांब मोरोक्कोतल्या एका हॉटेलात कार्यक्रम मिळवून देतो, वाटेत ‘इश्तार’ नावाचा एक काल्पनिक देश लागतो, तिथे अमीराविरुद्ध, म्हणजे तिथल्या राजाविरुद्ध, बंड शिजतंय, एक क्रांतिकारी मुलगी, एक सीआयएचा माणूस, एक जुना नकाशा, आणि हे दोघं मधे अडकतात. साचा जुना आहे, १९४० च्या दशकात बॉब होप आणि बिंग क्रॉस्बीची अशी जोडी दर एक-दोन वर्षांनी कुठल्यातरी परदेशात जाऊन गोंधळ घालायची, तोच.

पण सिनेमाचा जीव मोरोक्कोत नाहीये, तो त्या पहिल्या सीनमधे आहे. खरं बोलणं हा धोक्याचा धंदा आहे, अशा अर्थाची एक ओळ त्यांना सापडते आणि मग पुढे काय, हा शब्द की तो शब्द, नको तो नको, थांब थांब हा बघ, अरे हे तर जबरदस्त झालं यार, आणि ते जे जबरदस्त झालेलं असतं ते इतकं टुकार असतं की काय सांगू. पण त्यांचे चेहरे बघा. ज्ञानेश्वरीची पहिली ओवी सुचावी तसे चेहरे.

[काकांचा क्लोजअप. हसून डोळ्यांत पाणी.]

आता आमच्या काकांचं सांगतो. ऐंशीच्या दशकात गल्लीतल्या गणपतीत काका आणि पेटीवाले काका दर वर्षी स्वतःची गाणी सादर करायचे. शब्द काकांचे, चाल पेटीवाल्या काकांची, गळा दोघांचा, म्हणजे कोणाचाच नाही. आणि हे कुठे, तर इंदूरमधे! जिथे १९२९ साली लता मंगेशकर जन्मल्या, जिथल्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या नावाने अख्खं घराणं ओळखलं जातं, आणि इथून तासाभरावर देवासला कुमार गंधर्व राहायचे. अशा गावात बेसूर गायला हिंमत लागते. समोर दहा-बारा माणसं, त्यातली निम्मी प्रसादासाठी थांबलेली, आणि तरी हे दोघं श्रावण लागला की नवीन गाणं बांधायला बसायचे. म्हणून तो पियानोचा सीन काकांना भाषेशिवाय कळला. मला वाटतं हा सिनेमा ज्याला कळत नाही त्यानी आयुष्यात कधी वाईट कविता मनापासून लिहिलेली नसते.

बरं मग पडला कसा?

पैशांनी. खर्च झाला ५ कोटी डॉलरच्या वर, त्या काळच्या कॉमेडीसाठी डोळे पांढरे व्हावेत असा आकडा, आणि अमेरिकेत कमाई झाली दीड कोटीच्या आत. ह्यात दोन्ही हिरोंचे पगारच प्रत्येकी ५० लाख डॉलरच्या घरात होते असं तेव्हा छापून आलं. १९८६ च्या नाताळात यायचा तो लांबत लांबत १५ मे १९८७ ला आला. आणि गंमत बघा, पहिल्या शनिवार-रविवारी तो अमेरिकेत एक नंबरवर होता! एका छोट्या हॉरर सिनेमाच्या केसभर पुढे, पण होता. त्यानंतर मात्र जो घसरला तो घसरलाच.

खरी गडबड आधीच झालेली होती. शूटिंग चालू असतानाच वाळवंटातल्या उधळपट्टीचे किस्से पेपरात यायला लागले होते, आणि किस्से कसले, एक से एक. सगळ्यात फेमस उंटाचा. युनिटचा माणूस निळ्या डोळ्यांचा उंट शोधायला बाजारात गेला, पहिल्याच दुकानदाराकडे मस्त उंट मिळाला, पण आपण भाव न करता घेणारे थोडेच, म्हणून दिवसभर बाकीचा बाजार फिरला, मनासारखा दुसरा मिळाला नाही, परत पहिल्याकडे आला आणि म्हणाला दे तोच. दुकानदार म्हणाला, तो? तो आम्ही खाल्ला. आता हे खरं किती आणि नंतर लावलेलं तिखटमीठ किती हे देव जाणे. दुसरा किस्सा असा की महिनोन्महिने वाळूच्या टेकड्या शोधल्या आणि डायरेक्टर बाई बघून म्हणाल्या, मला सपाट हवंय, आणि मग टेकड्या सपाट करायला माणसं लावली. हापण तसाच, सांगोवांगी. पण असे किस्से एकदा सुटले की सिनेमा कोण बघतो, लोक हिशोबाची वही बघायला थिएटरमधे जातात. समीक्षकांनी तर रिलीजआधीच नाव ठेवलं होतं, वॉरन्सगेट. १९८० च्या ‘हेवन्स गेट’ नावाच्या महाबुडीत सिनेमावरून.

त्यात स्टुडिओची भानगड. कोलंबिया तेव्हा कोका-कोला कंपनीच्या ताब्यात होतं, ज्या साहेबांनी सिनेमा मंजूर केला ते १९८६ मधे गेले आणि जागी आले डेव्हिड पटनम, ज्यांनी ह्या दोन्ही हिरोंवर आधी जाहीर टीका केलेली होती. म्हणजे सून घरात यायच्या आधीच सासू बदलली, आणि नवीन सासूचं सुनेच्या माहेरशी वाकडं. पटनम ह्या सिनेमापासून चार हात लांबच राहिले. रॉजर एबर्टसारख्या मोठ्या समीक्षकानी चारातला अर्धा स्टार दिला. वर्षातल्या वाईट सिनेमांना जे रॅझी पुरस्कार देतात त्यात वाईट दिग्दर्शनाचा मान बाईंना मिळाला, तोपण अर्धाच, दुसऱ्या एकाबरोबर विभागून.

बाई म्हणजे इलेन मे. हे नाव लक्षात ठेवा, कारण सगळ्यात जास्त तिनीच भोगलं. १९५० च्या दशकात शिकागोच्या स्टेजवर माइक निकोल्सबरोबर जागच्या जागी सुचेल ती कॉमेडी करणारी ही मुलगी, मग ब्रॉडवे, मग १९७१ पासून डायरेक्शन, तेपण हॉलीवूडमधे बाईच्या हातात कॅमेरा देणं जवळजवळ बंदच असताना. वॉरन बेटीच्या दोन मोठ्या सिनेमांच्या लिखाणात तिचा हात होता, त्या उपकाराची फेड म्हणून त्यानी हा सिनेमा उभा करून दिला. आणि ह्या सिनेमानंतर तिला पुन्हा एकपण फीचर फिल्म डायरेक्ट करता आली नाही. दोन्ही हिरो पुढे छान कामं करत राहिले, हॉफमनला तर पुढच्याच वर्षीच्या ‘रेन मॅन’साठी ऑस्कर मिळालं. बुडाली ती बाई. मला ह्याचा राग येतो, निवेदनात राग दाखवायचा नसतो असं म्हणतात, पण येतो.

[पडद्यावर: खिडकीबाहेर, उंच कठड्यावर उभा चक.]

हा सीन बघा. चकची मैत्रीण सोडून गेलीय, तो जीव द्यायला बिल्डिंगच्या कठड्यावर उभा, आणि त्याला समजवायला लायल स्वतः त्या कठड्यावर येऊन उभा राहतो. आणि काय म्हणतो? तू चांगला आहेस, सगळं ठीक होईल, असलं काही नाही. तो म्हणतो, तुझ्या वयात हातात काहीच नसायला किती हिंमत लागते माहितीये? कमीवर समाधान मानण्यापेक्षा काहीच नको म्हणणारा माणूस आहेस तू! इथे गच्चीवर सगळे खो खो हसले, मी हसलो, आणि मग बघतो तर पेटीवाले काका हसत नव्हते. नुसते मान डोलवत होते, चांगल्या बंदिशीला डोलवतात तशी.

अजून एक गोष्ट त्या वेळच्या लोकांनी उलटी धरली. वॉरन बेटी म्हणजे तेव्हाचा मदनाचा पुतळा, आणि इथे तो लाजाळू, गबाळा, पोरींसमोर तोंड न उघडणारा, आणि पोरी पटवण्यात उस्ताद कोण, तर हॉफमन! हीच तर गंमत आहे ना भिया! पण तिकीट काढून आलेल्यांना बेटी हवा होता तसा मिळाला नाही.

आणि गाणी. ती बहुतेक पॉल विल्यम्सनी लिहिली, हा माणूस ऑस्कर मिळवलेला, कार्पेंटर्स नावाच्या गाजलेल्या अमेरिकन बँडसाठी हिट गाणी देणारा. त्याला काम काय दिलं, तर वाईट गाणी लिही. पण नुसती वाईट नाही, ज्यांना ती उत्तम वाटतात अशा माणसांनी लिहिल्यासारखी वाईट. करून बघा, जमत नाही. मुद्दाम बेसूर गाणारा लगेच ओळखू येतो, मनापासून बेसूर गाणारा वेगळाच. एका गाण्यात प्रेमाचं कपाट आहे, म्हणजे कपड्यांचं असतं तसं. दुसऱ्यात मी माझ्या मृत्युपत्रात थोडं प्रेम ठेवून जातोय म्हणे, आणि चक ते गाणं हॉटेलात लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेल्या म्हाताऱ्या जोडप्यासमोर गातो! मी दोनदा मागे नेऊन बघितलं.

आता खरं सांगायचं तर वाळवंटात गेल्यावर सिनेमा ढिला पडतो. त्या क्रांतिकारी मुलीच्या कामाला इझाबेल अजानीसारखी नटी घेऊन तिला बहुतेक वेळ पोराच्या वेशात पळवलंय, आणि अरब लोकांचं चित्रण आज बघताना दोन-चार ठिकाणी खटकतं. मधली वीसेक मिनिटं आमच्याकडे पोह्यांवर परत सेव आणि जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, टाकण्यातच गेली. पण आंधळा उंट आला की सगळे परत जागेवर. आणि तो शस्त्रांच्या लिलावाचा सीन, जिथे हॉफमनला दुभाष्या म्हणून पुढे ढकलतात आणि तो येत नसलेली भाषा पूर्ण आत्मविश्वासाने बरळत सुटतो, तिथे काका सतरंजीवर आडवे.

शिवाय एक धार आहे जी तेव्हा कोणी बघितलीच नाही. सिनेमातली सीआयए एका हुकूमशहाला धरून ठेवते, आणि तिचा माणूस, चार्ल्स ग्रोडिननी काय थंडपणे केलाय तो, बँकेतल्या क्लार्कसारखा गोड बोलत दोन गाढवांना मरायला पाठवतो. आणि १९८७ चा तोच मे महिना, ज्यात अमेरिकेत टीव्हीवर इराण-काँट्रा प्रकरणाची, म्हणजे सरकारातल्या लोकांनी गुपचूप इराणला शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना पोचवल्याची, चौकशी लाइव्ह चालू होती! म्हणजे सिनेमा जे दाखवत होता तेच बातम्यांत चाललं होतं. लोकांनी बातम्या बघितल्या.

मग हळूहळू वारं फिरलं. गॅरी लार्सन नावाच्या व्यंगचित्रकारानी एक चित्र काढलं होतं, नरकातलं व्हिडिओ दुकान, आणि सगळ्या फळ्यांवर एकच कॅसेट, ‘इश्तार’. पुढे कधीतरी विमानात त्यानी सिनेमा खरंच बघितला आणि त्याला मजा आली, तेव्हा त्यानी लिहून कबूल केलं की चित्र काढताना मी हा बघितलेलाच नव्हता, आणि माझ्या इतक्या चित्रांमधे माफी मागावीशी वाटते असं हे एकच. २०१३ मधे ब्लू-रे आली, ‘न्यू यॉर्कर’च्या रिचर्ड ब्रोडींसारखे समीक्षक उघड बाजू घ्यायला लागले, आणि २०२२ मधे, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, इलेन मेच्या हातात मानद ऑस्कर आलं. ती स्वतः आधीच एकदा म्हणून गेली होती, ‘इश्तार’ला शिव्या देणाऱ्या सगळ्यांनी तो बघितला असता तर मी आज श्रीमंत असते.

सिनेमाच्या शेवटी दोघांना हवं ते मिळतं, प्रोग्राम, रेकॉर्ड, टाळ्या. टाळ्या वाजवायला समोर सैनिक बसवलेत, हुकूम झाला की वाजवतात. आणि ते दोघं गातायत. खूश.

[सराफा, रात्री साडेबारा. गर्दी, कढया, धूर.]

सिनेमा संपल्यावर कोणालाच घरी जायचं नव्हतं म्हणून सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, आलो. भुट्ट्याचा कीस सांगितला, आणि मागे बघतो तर दोघं म्हातारे भांडतायत. काकांनी कुठल्याशा जुन्या गणपतीतलं एक गाणं काढलं होतं,

तुझ्याविना हे जगणे सखे,
शेवेविना जणू पोहे सुके.

पेटीवाले काका म्हणाले, शेव नाही रे, सेव. इंदूरमधे कोण शेव म्हणतं? काका म्हणाले, मराठी गाणं आहे, शेवच. आणि सेवेविना म्हटलं तर लोकांना वाटेल देवाची सेवा, भजन होईल त्याचं. मग होऊ दे ना, गणपतीतच गायचंय! अरे पण सखी आहे त्यात. सखी काढ. सखी काढली तर सुकेचं काय करू?

हे पंधरा मिनिटं चाललं. मागे लाइन लागली होती. शेवटी कढईवरचा पोरगा म्हणाला, "भिया, लेना क्या है?"

"थांब रे," काका म्हणाले, "सुचतंय."