टोकन देण्याआधी एक तांब्या पाणी

नमस्कार श्रोतेहो. दसरा जवळ आला की आपल्या ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत घर बघणाऱ्यांची धावपळ सुरू होते. आज त्यांच्यासाठी बोलणार आहे.

आधी पैशांचं बघू. समजा, घर 60 लाखांचं आहे. एवढ्या घरावर बँक जास्तीत जास्त 80 टक्के कर्ज देते, म्हणजे 48 लाख. उरलेले 12 लाख आपले. पण बाराने भागत नाही. ठाणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के, त्याचे झाले 4 लाख 20 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. हे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही. म्हणजे हाताशी हवेत साडेसोळा लाख. पुन्हा सांगते, बारा नाही, साडेसोळा. दलाली आणि रंगकाम त्याहून वेगळं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात 1 टक्का सवलत आहे, इथे 60 हजार वाचतात. आणि मी तर म्हणते, सवलत नसती तरी घर बाईच्याच नावावर असावं. आयुष्यभर ज्या ओट्यापाशी ती उभी राहते, तो ओटा कागदावरही तिचा असू दे.

आता माझ्या माई मावशीची गोष्ट. मावशीचा जन्म गेला नौपाड्यात, दोन खोल्यांत. मुलगा ऐरोलीला नोकरीला लागला आणि घोडबंदर रोडला एक फ्लॅट पसंत पडला. रविवारी चार वाजता एजंटने दाखवला. हवेशीर, फरशी चकचकीत. लाख रुपयांचा टोकनचा, म्हणजे इसाऱ्याचा, चेक लिहून झाला होता. मावशी म्हणाली, "चेक पर्समध्येच ठेव. मला उद्या सकाळी साडेसहाला किल्ली हवी."

सोमवारी सकाळी मी तिच्यासोबत होते. तिने पिशवीतून घरचा स्टीलचा तांब्या काढला, स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरला आणि नळ पूर्ण सोडला. नळ आधी खाकरला, मग करंगळीएवढी धार लागली. मावशी मोठ्याने आकडे मोजत होती. तांब्या भरेपर्यंत एकशे चाळीस झाले. मग तिने बेडरूममधलं कपाट माझ्याकडून हातभर पुढे ओढवलं आणि मागच्या भिंतीवर तळवा टेकवला. पश्चिमेची भिंत, आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. तळव्याला ओला चुना लागला.

खाली आलो तर टँकरचा पाइप टाकीत सोडलेला. वॉचमन म्हणाला, "मावशी, रोजचे तीन. मे महिन्यात तर विचारूच नका." मावशीने सेक्रेटरींकडून सोसायटीचा वार्षिक अहवाल मागून घेतला. त्यात टँकरचा खर्च होता, आणि शेवटच्या पानावर थकबाकीदारांच्या यादीत आपल्या विकणाऱ्याचा फ्लॅट नंबरही होता. चेक पर्समधून बाहेर आलाच नाही.

चार महिन्यांनी कोपरखैरणेत घर मिळालं. तिथे तोच तांब्या अकरा आकड्यांत भरला.

तेव्हा श्रोतेहो, घर दोनदा बघा. एकदा एजंटच्या वेळेला आणि एकदा पाण्याच्या वेळेला. जमलं तर तिसऱ्यांदा जुलैत.

कागदांचं थोडक्यात सांगते. जुनं घर असेल तर पहिल्या मालकापासूनचे सगळे मूळ करार, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र, एवढं हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोसायटीला हस्तांतरणासाठी 25 हजारांपेक्षा जास्त प्रीमियम मागता येत नाही. नवी मुंबईत जमीन सिडकोची असेल तर सिडकोचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार ते करारातच लिहून घ्या, तोंडी नको. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक बघा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. करार आधी, पैसे मग. करार आधी, पैसे मग.

मावशीच्या वास्तुशांतीला मी गेले, तेव्हा वीजबिल अजून जुन्या मालकाच्या नावावर येत होतं. नाव बदलण्याचा अर्ज महावितरणकडे ताबा मिळाल्याच्या आठवड्यातच द्या, आणि मालमत्ता कराचा महापालिकेत. दोन्हीला इंडेक्स टूची, म्हणजे नोंदवलेल्या कराराच्या उताऱ्याची, प्रत लागते, चार झेरॉक्स काढूनच ठेवा. नमस्कार.