मावशीनं जगायचं, पण कशावर?

'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण मी पहिल्यांदा ऐकली ती आई गेली त्या आठवड्यात. माझ्यासमोर, माझ्याबद्दलच. मी नऊ वर्षांचा होतो. बोलणाऱ्यांच्या मनात माया होती, हे आज कळतं. पण मावशीनं जगायचं ते कशावर, हे तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आजही विचारत नाहीत. तिची स्वतःची दोन मुलं होती. तिसरा मी एका रात्रीत आलो.

शाळेच्या अर्जाची गोष्ट सांगतो. अर्जावर पालकाची सही हवी होती. मावशीनं केली. खिडकीपलीकडून उत्तर आलं, ''मावशी चालत नाही. कागद आणा.'' कुठला कागद, ते सांगेना कुणी. दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते, तिसऱ्या दिवशी आणखी एक दाखला निघाला. दर खेपेला तिचा अर्ध्या दिवसाचा पगार जायचा. सहाव्या खेपेला मी खिडकीशी टाचा उंचावून विचारलं, ''मग माझी सही मीच करू का?'' कारकून हसले. हसा, तुम्हीही हसा, प्रश्न गोडच होता. मावशी मात्र हसली नव्हती. परतताना तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की अजून आठवतं.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, भाषणाची पाचच मिनिटं उरलीत. विषय दिला होता प्रतिपालकत्व, म्हणजे परक्या कुटुंबानं मुलाला आपल्या घरी ठेवून सांभाळणं, आणि नातलगांकडचा सांभाळ, तेव्हा मुद्द्याचं भराभर सांगतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं २०वं कलम घर हरवलेल्या मुलांसाठी आहे. त्यात प्रतिपालक कुटुंब आहे, दत्तक आहे, गरज पडल्यास संस्थाही आहे. आजी, काका, मावशी अशा नातलगांकडच्या सांभाळाचा वेगळा उल्लेख नाही. तो आला २००९मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये अनाथालयांतल्या १३६ बाळांचा अभ्यास झाला. त्यांतली निम्मी प्रतिपालक कुटुंबांत ठेवली. ती अधिक सावरली आणि लहान वयातच कुटुंबात गेलेली आणखी जास्त. म्हणजे मुलाला घर हवं, यात वाद नाही. नातलगांकडच्या मुलांना घरं कमी बदलावी लागतात, हेही अभ्यासांत दिसलंय. तरी अनेक ठिकाणी प्रशिक्षण, भत्ता, विचारपूस करायला येणारी कार्यकर्ती हे सगळं परक्या कुटुंबाला मिळतं आणि आजीला 'तुमचंच तर नातवंड' एवढं ऐकवलं जातं. माझं मागणं साधं आहे: जे प्रतिपालकांना, ते आजीलाही. आणि सहीचा अधिकार पहिल्या दिवसापासून.

शेवटचा मुद्दा भावंडांचा. त्यांची ताटातूट शक्यतो करू नये, असं ती तत्त्वंही सांगतात. माझी धाकटी बहीण काकांकडे गेली, दुसऱ्या गावाला. मावशीला चौघांचं झेपलं नसतं. चार वर्षांनी आम्ही भेटलो तेव्हा ती दाराआडून बघत होती. मग पुढे आली आणि मला म्हणाली, ''तुम्ही कधी आलात?''