मणक्याच्या दुखापतीनंतरचे काम: आधी दिवसाचा हिशेब

नमस्कार मंडळी. मणक्याला दुखापत झाली की दवाखान्यातून घरी आल्यावर काही आठवड्यांतच घरात एक प्रश्न सुरू होतो: आता याला कोणती नोकरी जमेल? तो प्रश्न थोडा मागे ठेवा, अशी माझी विनंती आहे. आधी हे पाहा की शरीर दिवसाचे किती तास कामाला देऊ शकते आणि ते तास कोणते. हे न पाहता धरलेली नोकरी सुटते ती बहुधा कौशल्य कमी पडले म्हणून नाही. बसण्याच्या हाडावर जखम होते, लघवीला संसर्ग होतो, नाहीतर जाण्यायेण्यातच माणूस गळून जातो.

डिस्चार्ज कार्डावर इजेची पातळी लिहिलेली असते: सी म्हणजे मानेचा भाग, टी म्हणजे छातीच्या मागचा, आणि आकडा वरून कितवा ते सांगतो. सी ५ असेल तर खांदा हलतो, कोपर वाकतो. टायपिंग बोलून करायचे किंवा पंजाला पट्टा बांधून त्यात काडी अडकवायची. सी ६ ला मनगट वर उचलता येते आणि ते उचलले की बोटे आपोआप मिटतात. त्या पकडीत पेन, फोन, कागद धरता येतो. सी ७ पासून कोपर सरळ करण्याची ताकद असते, म्हणून चाकाच्या खुर्चीतून पलंगावर स्वतः सरकणे शक्य होते. टी १ च्या खाली हात पूर्ण चालतात. इजा अपूर्ण असेल, म्हणजे इजेच्या खाली थोडी संवेदना किंवा हालचाल उरली असेल, तर हे चित्र बरेच बदलते. हात चांगले असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे: आता तुमचे खांदेच पायांचे काम करतात. उंच रॅकवरून फायली काढण्याचे काम घेऊन ते झिजवू नका.

आता दिवस मांडू. सकाळचा शौच, आंघोळ, कपडे यांत अनेकांचे दोन तास जातात. कॅथेटरने (नळीने) लघवी काढत असाल तर दर चार ते सहा तासांनी, आणि एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर साचू द्यायची नाही. म्हणजे नऊ तास घराबाहेर राहायचे तर कामाच्या जागी किमान एकदा, बहुधा दोनदा कॅथेटर घालावाच लागणार. इथे सर्वांत घातक चूक होते ती पाणी न पिण्याची. ऑफिसात सोय नाही म्हणून माणूस सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतो. त्यातून संसर्ग होतो, मुतखडे होतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात उष्माघाताला आमंत्रण मिळते. म्हणून मुलाखतीला गेलात की पगाराआधी स्वच्छतागृह पाहा. दार ९० सेंटिमीटर मोकळे उघडते का, आत खुर्ची वळायला दीड मीटर जागा आहे का, कमोडची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी आहे का, बाजूला धरायला दांडी आहे का. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारे करून घेता येते. मालकाला हे शांतपणे सांगा.

बसण्याची क्षमता वाढवावी लागते. घरीच सुरुवात करा: अर्धा तास बसा, मग झोपून आरशात कमरेखालची त्वचा पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तेवढा वेळ शरीराला झेपलेला नाही, असे धरा. त्वचा स्वच्छ राहिली तर पंधरा-वीस मिनिटांनी वाढवत चला. दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार काढायचा. हातांवर उचलून चार सेकंद राहण्याने फारसे काही होत नाही. त्वचेत रक्त पुन्हा भरायला सुमारे दोन मिनिटे लागतात. त्यापेक्षा कोपरे टेबलावर टेकून पुढे झुका आणि तसेच कागद वाचा. टेबल खालून किमान ७० सेंटिमीटर मोकळे हवे, गुडघे आत जायला अर्धा मीटर खोली हवी. खण असलेले सरकारी टेबल नेमके इथेच अडते. जखम खोल गेली की कित्येक महिने पालथे पडून राहावे लागते. तेवढ्या काळात नोकरी टिकत नाही.

टी ६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांसाठी दोन गोष्टी सहकाऱ्यांच्या कानावर घालाच. पहिली, इजेच्या खालच्या भागाला घाम येत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा शरीर तापतच राहते. कूलरजवळची जागा, पाण्याची फवारणी बाटली, मानेवर ओला रुमाल आणि सकाळी लवकरची वेळ मागून घ्या. दुसरी, एकाएकी डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, वरच्या अंगाला घाम फुटला तर रक्तदाब उसळला आहे. बहुतेक वेळा मूत्राशय भरलेले असते किंवा नळी अडकलेली असते. अशा वेळी आडवे करायचे नाही. सरळ बसवा, पट्टा सैल करा, नळी तपासा. उतार पडला नाही तर ताबडतोब दवाखाना.

आता जुन्या नोकरीबद्दल. ती असेल तर राजीनामा लिहून देऊ नका. भावनेच्या भरात, किंवा कोणी म्हणाले म्हणून, घरचे लोक तो लिहून देतात आणि हक्क संपतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेला सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याची श्रेणीही कमी करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे; तेही नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (म्हणजे मंजूर पदांखेरीज जादा) पदावर ठेवायचे. खाजगीत एवढे संरक्षण नाही. पण प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. ते मागून पाहा. अपघात कामावर झाला आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर कायम अपंगत्वाचा लाभ कमाईची क्षमता किती गेली त्या प्रमाणात मिळतो आणि पुन्हा कामाला लागल्याने तो बंद होत नाही. पीएफच्या पेन्शनमध्ये संपूर्ण आणि कायम अपंगत्वाला दहा वर्षांच्या सेवेची अट नाही.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना ‘हलके काम द्यावे’ एवढ्यावर थांबू नका. मालकाला त्यातून काहीच कळत नाही. आकडे लिहून घ्या: किती किलोपर्यंत उचलता येईल, सलग किती मिनिटे बसता किंवा उभे राहता येईल, वाकणे चालेल का, किती वेळाने विश्रांती हवी. हे चालू शकणाऱ्यांसाठी जास्तच महत्त्वाचे, कारण त्यांची अडचण समोरच्याला दिसत नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयोसारख्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते. आरक्षणासह बहुतेक लाभांना ४० टक्के ही पायरी आहे.

नवे काम शोधताना जुने ज्ञान टाकू नका. ट्रक चालवलेल्या माणसाला रस्ते, टोल, लोडिंगची वेळ तोंडपाठ असते. नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी (मालाची पावती) आणि गाड्या सोडण्याच्या टेबलावर हे ज्ञान लागते. गवंडी असेल तर एक घनमीटर विटकामाला सुमारे ५०० मॉड्युलर विटा लागतात हे त्याला शिकवावे लागत नाही. त्याला एक्सेल शिकवा, तो ठेकेदाराकडे मोजमाप आणि मालाचा अंदाज काढेल. कळमना बाजारातल्या अडतीचे हिशेब, दवाखान्यांतले विम्याचे कागद, टॅली आणि जीएसटी ही कामेही आहेतच. मोबाईल दुरुस्ती शिकायची तर सोल्डरिंग मांडीवर धरून कधीच नाही. संवेदना नसलेल्या मांडीवर पडलेला थेंब कळत नाही, भाजल्याचे संध्याकाळी दिसते. तापलेला लॅपटॉपही तसाच.

नागपूर मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, सीताबर्डीला लाइन बदलता येते. खरी अडचण स्टेशन ते ऑफिस या शेवटच्या पट्ट्याची असते. नोकरी घेण्याआधी तो पट्टा ऑफिसच्या वेळेतच एकदा पार करून पाहा. दाराशी दोन पायऱ्या असतील, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर, तर १ ला १२ या उतारासाठी ३.६ मीटर लांब रॅम्प लागतो. फळी टाकून चालत नाही, खुर्ची मागे उलटते.

रुजू होताना दोन आठवडे चाचणीचे मागा, रोज चार तासांनी सुरुवात करा. वहीत लिहा: किती वाजता निघालो, सलग किती बसलो, लघवी किती वाजता, रात्री त्वचा कशी होती, दुसऱ्या सकाळी थकवा किती. लाली टिकली तर लगेच नोकरी सोडू नका. आधी तास कमी करा आणि खुर्ची तपासा. पाय ठेवायच्या पट्ट्या फार वर असतील तर मांड्या उचलल्या जाऊन सगळा भार बसण्याच्या हाडांवर येतो, फार खाली असतील तर माणूस पुढे घसरतो आणि माकडहाड घासते. खुर्चीची उशी दाबून पाहा, मधोमध खालची बैठक हाताला लागत असेल तर ती संपली आहे.