जुन्या मॅकिंटॉशकडून काम करून घेताना

श्रोतेहो, नमस्कार. नऊ इंची कृष्णधवल पडदा आणि संगणक एकाच पेटीत, वर उचलायला खाच: ॲपलचा मॅकिंटॉश एसई/३० हा १९८९ साली आला. दिसायला १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशसारखाच, पण आत ६८०३० प्रोसेसर आणि १२८ मेगाबाइटपर्यंत वाढवता येणारी मेमरी. त्या काळी ही ताकद अफाटच होती. असं यंत्र तुमच्या हाती आलं असेल, तर कळकळीने सांगतो, चालू करून बघायची घाई करू नका.

आधी आतली बॅटरी काढायला हवी. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही विजेचा भार तिच्यात राहू शकतो. म्हणून सवय नसेल तर पेटी जाणकाराकडूनच उघडून घ्या. ही बॅटरी म्हणजे घड्याळ चालवणारा ३.६ व्होल्टचा लिथियम सेल; तो जुना झाला की फुटतो आणि त्यातलं रसायन मदरबोर्ड अक्षरशः खाऊन टाकतं. सेल नसला तरी यंत्र चालतं, फक्त तारीख-वेळ आणि काही सेटिंग्ज विसरतं.

बोर्डावरचे बारीक डबीसारखे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भागही गळतात. मग आवाज क्षीण होतो, किंवा पडद्यावर चित्राऐवजी नुसते पट्टे दिसतात. बोर्ड स्वच्छ करून कपॅसिटर बदलले, की मेलेले वाटणारे कितीतरी बोर्ड पुन्हा उठतात.

हार्ड डिस्कवर कुणाची पत्रं, हिशेब असतील तर ते आधी उतरवून घ्या. नंतर तिच्या जागी एसडी कार्ड वाचणारा स्कझी (त्या काळची डिस्क जोडण्याची पद्धत) ॲडॅप्टर बसवा. घरघर थांबते आणि आजच्या संगणकावरून फाइली आणणं सोपं होतं.

आठ मेगाबाइटच्या पुढची मेमरी वापरायची तर सिस्टीम ७ ही ॲपलची ऑपरेटिंग सिस्टीम आणि मोड३२ हा जादा मेमरी वापरू देणारा प्रोग्राम लागतात. पण नुसतं लिहायचं असेल तर सिस्टीम ६च ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ती चपळ चालते. आजच्या वेबसाइट यावर उघडायच्या नादी लागू नका. मॅकराइट हा लेखनाचा प्रोग्राम उघडा, ५१२ बाय ३४२ ठिपक्यांच्या त्या पडद्यावर काळी अक्षरं इतकी रेखीव दिसतात, की लिहिताना मन इकडेतिकडे जात नाही. हायपरकार्ड या कार्डांवर माहिती मांडायच्या प्रोग्राममध्ये तर स्वतःची टिपणवही किंवा पुस्तकांची यादी थोड्या वेळात उभी करता येते.

काम थांबवून उठताना पडद्याचा उजेड कमी करा. एकच चित्र तासन्‌तास राहिलं, तर त्याचा डाग ट्यूबवर कायमचा उमटतो.