बोटीचा ट्रेलर: ॲल्युमिनियम घ्यायचा की गॅल्व्हनाइज्ड?

(हातात छोटी हातोडी, समोर कापलेला पाइप)

हा आवाज ऐका. टण्, टण्. आता एक वीतभर पुढे. थप्. ऐकलंत? इथे लोखंड उरलेलंच नाही.

नमस्कार मंडळी. बोट गाडीमागे ओढून न्यायचा तो ट्रेलर. हा माझ्या पहिल्या ट्रेलरचा आडवा पाइप, मुद्दाम कापून ठेवलाय. बाहेरून बघा, राखाडी, स्वच्छ, पाहून कुणालाही वाटेल की अजून दहा वर्षं चालेल. आणि आतून? थांबा, उजेडात धरतो. ही खपली बघा, नखानं निघतेय. आणि ही वाळू. बार्नेगट बे या इथल्या खाडीची वाळू, चार उन्हाळे आत बसून राहिलेली. दर वेळी रॅम्पवर, म्हणजे बोट उतरवायच्या उतारावर, ट्रेलर पाण्यात गेला की खारं पाणी पाइपात शिरायचं, वाळू मागे ठेवून जायचं, आणि ती ओली वाळू आठवडाभर लोखंडाला चिकटून बसायची.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं की ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड आहे. ते खोटंही नव्हतं. पण गॅल्व्हनाइज्ड म्हणजे नेमकं काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. आपल्या न्यू जर्सीतल्या मंडळींपैकी कुणी पहिली बोट घेतली की मला फोन येतो, "अरे, ॲल्युमिनियमचा घेऊ की गॅल्व्हनाइज्ड?" माझं उत्तर ठरलेलं आहे. धातू नंतर बघा, आधी पाणी कुठे साचतं ते बघा.

गॅल्व्हनाइज्ड म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर चढवलेला. आता हे जस्ताचं समजून घेऊ. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांनी हे लहानपणापासून पाहिलंय. नवा पत्रा छपराच्या मापानं कापला, तरी कापलेल्या कडेला लगेच गंज चढत नाही. शेजारचं जस्त स्वतः झिजतं आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला सांभाळतं. मात्र जस्त संपलं की लाल डाग सुरू होतो, आणि समुद्राच्या जवळच्या घरांचे पत्रे लवकर जातात ते याचसाठी. ट्रेलरचंही तसंच आहे.

पण ट्रेलरवर हे जस्त दोन तऱ्हांनी येतं. चांगली तऱ्हा अशी: आधी फ्रेम कापून, भोकं पाडून, वेल्डिंग करून पूर्ण तयार करायची, ॲसिडनं साफ करायची, आणि मग अख्खी फ्रेम साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवायची. जस्त लोखंडात मिसळून घट्ट थर बनतो. तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादावर तो सरासरी 70 मायक्रॉनच्या आसपास असतो. फ्रेम बुडते, म्हणून पाइपाच्या आतही जस्त पोचतं. दुसरी तऱ्हा म्हणजे आधीच जस्त चढवलेला पाइप विकत आणायचा, त्याचे तुकडे वेल्ड करायचे आणि वेल्डवर चंदेरी स्प्रे मारायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथलं जस्त जळून जातं. बाहेरून स्प्रे मारता येतो, आत कोण मारणार? माझा ट्रेलर या दुसऱ्या तऱ्हेचा होता, आणि तो नेमका वेल्डच्या मागून गेला.

ओळखायचं कसं? पाइपाच्या टोकाला किंवा खालच्या निचऱ्याच्या भोकात बोट घाला, मोबाइलचा टॉर्च मारा. आतही तोच राखाडी रंग, आणि भोकाच्या कडेला मेणबत्तीच्या मेणासारखे गोठलेले थेंब दिसले, तर फ्रेम बुडवलेली आहे. वेल्ड वेगळाच चमकत असेल, तर सावध व्हा.

आता ॲल्युमिनियम. आपल्या घरातली जर्मनची पातेली आठवा, तीच जात. हवा लागली की त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप येतो, ओरखडा पडला तर पुन्हा येतो. म्हणून खाऱ्या पाण्यात त्याची फ्रेम छान टिकते. वजनाला पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट. पण ताठपणाही तिप्पट, म्हणून ॲल्युमिनियमचे बीम उंच आणि जाड घ्यावे लागतात. त्यामुळे ट्रेलर एकतृतीयांश वजनाचा होईल असं समजू नका. मधल्या आकाराच्या ट्रेलरवर दोन-तीनशे पाउंड वाचले तर खूप झालं.

हे दोन-तीनशे पाउंड तुमच्या उपयोगाचे आहेत का, ते कागदावर मांडून बघा. समजा बोट 2,200 पाउंड, दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन साधारण 480, पन्नास गॅलन पेट्रोल म्हणजे गॅलनला सहा पाउंडांच्या हिशेबानं 300, वर नांगर, कूलर, बॅटऱ्या मिळून 200. झाले 3,180. ट्रेलर 1,100 धरला तर 4,280. तुमची गाडी 5,000 पाउंड ओढणारी असेल तर कुठलाही ट्रेलर चालेल. गाडी 3,500 चीच असेल तर ॲल्युमिनियम घेऊनही भागणार नाही, गाडीच बदलावी लागेल. तुमची बेरीज गाडीच्या मर्यादेला टेकत असेल, तरच वजनासाठी जास्त पैसे मोजा.

ॲल्युमिनियमच्या बऱ्याच ट्रेलरांत जे आय-बीम, म्हणजे इंग्रजी I च्या आकाराचे बीम असतात, ते 6061-टी6 मिश्रधातूचे. वेल्डिंग केलं की वेल्डजवळ या मिश्रधातूची ताकद बरीच उतरते, म्हणून हे ट्रेलर बहुतेक नटबोल्टनी जोडतात. मला ते आवडतं. आडवा बीम मागेपुढे सरकवता येतो, आणि आय-बीमला पोकळी नाही, म्हणजे वाळू बसायला जागा नाही. खरं तर माझ्या मते ॲल्युमिनियमची निम्मी पुण्याई या आकाराचीच आहे. खुल्या चॅनलची, म्हणजे बंद पाइपाऐवजी एका बाजूनं उघड्या पट्ट्यांची, आणि नीट बुडवलेली पोलादी फ्रेम मिळाली, तर तीही मी डोळे झाकून घेईन.

पण ॲल्युमिनियमला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक म्हणजे हादरे. पोलादाला ताणाची एक मर्यादा असते, तिच्या आत राहिलात तर ते थकत नाही. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, प्रत्येक हादरा हिशेबात जमा होतो. लांब पल्ल्याला बोट नेत असाल तर दर मोसमाच्या सुरुवातीला बोल्टच्या भोकांभोवती आणि वेल्डवर केसाएवढी भेग आहे का बघा, आणि सगळे नट पान्यानं तपासा.

दुसरी गोष्ट म्हणजे शेजार. इकडे या.

(कॅमेरा ट्रेलरखाली)

हा माझा आताचा ट्रेलर, ॲल्युमिनियमचाच. बोट जिच्यावर टेकते ती ही गालिचा लावलेली फळी, बंक. तिच्याखालचा हा ब्रॅकेट बघा. ही पांढरी भुकटी म्हणजे खाल्लं गेलेलं ॲल्युमिनियम. बोट फिरवलं तर खड्डे लागतात. काय झालं? मी बंक बदलताना दुकानातून प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून दाबानं औषध मुरवलेलं, लाकूड आणलं. अमेरिकेत 2003 संपल्यापासून घरगुती कामाच्या लाकडातून आर्सेनिक गेलं, आणि त्याच्या जागी भरपूर तांबं असलेली औषधं आली. तांबं, ॲल्युमिनियम आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे तयार बॅटरीच. त्यात गालिचा लाकडाला सतत ओलं ठेवतो. आता मी मध्ये जाड प्लॅस्टिकची पट्टी घातली आहे. स्टेनलेसच्या बोल्टखालीही नायलॉनचे वॉशर घाला, आणि तांब्याची पूड असलेलं ग्रीस ॲल्युमिनियमच्या जवळसुद्धा आणू नका.

आणि हे विसरू नका, की एक्सल, पाटे, हब, ब्रेक हे सगळं दोन्ही ट्रेलरांत बहुधा लोखंडाचंच असतं. रस्त्यात बंद पडतो तो ट्रेलर बहुतेक वेळा हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातल्या, बेअरिंगमुळे. तासभर गाडी चालवून हब तापलेला असतो, तो थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. रॅम्पवर पोचलात की आधी हबला हात लावा. चटका बसत असेल तर दोर, लाइफजॅकेट, ड्रेनचं बूच आवरेपर्यंत थांबा, मग पाण्यात उतरवा. परतल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, पाटे आणि ब्रेक सगळ्यात जास्त.

लेक होपॅटकॉंगसारख्या गोड्या पाण्यातच बोट नेणार असाल, तर नीट बुडवलेला गॅल्व्हनाइज्ड घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या टायरांवर घाला. खाडीत दर शनिवारी उतरवणार असाल, तर ॲल्युमिनियमचा आय-बीम किंवा खुल्या चॅनलचा गॅल्व्हनाइज्ड. बंद पाइपाचा जुना ट्रेलर खाऱ्या पाण्यातून आलेला असेल, तर कितीही स्वस्त मिळो, मी घेणार नाही. शिवाय इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, तेव्हा जानेवारीत ट्रेलर ओढून आणावा लागला, तर त्याच संध्याकाळी धुवा.

बघायला जाताना खिशात लोहचुंबक, टॉर्च आणि ही छोटी हातोडी ठेवा. मालकाला विचारून आडव्या पाइपांवर खालच्या बाजूनं हळूच टकटक करा. गंज तिथेच सुरू होतो.